भोयर मॅडमचं भेव

भोयर मॅडम भित्र्या होत्या. हे आमच्या सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं आणि मॅडमनाही ते मान्य होतं. घराला कुलूप लावलं की त्या फाटकापर्यंत जायच्या, परत यायच्या, कुलूप ओढून बघायच्या आणि पुन्हा फाटकाकडे निघायच्या. वीज चमकली की रेडिओची वायर काढायच्या, आणि ती नीट निघाली आहे ना हे बघायला दुसऱ्या कुणाला तरी घरात पाठवायच्या. समोरच्याला शिंक आली तर बोलता बोलता दोन पावलं मागे सरकायच्या. आपण घाबरतो याची त्यांना लाज वाटत नसे. एखादा जसं ‘मला पान लागतं’ म्हणतो, तितक्या सहज त्या म्हणायच्या, “मले भेव लागते बाप्पा.”

वर्ध्याच्या बाहेर, रुळांच्या पलीकडे एक दवाखाना होता आणि त्याला जोडून तीन खोल्यांची एक प्रयोगशाळा. मी दवाखान्यात एक्स-रे काढायचो, मॅडम प्रयोगशाळा सांभाळायच्या. आमची क्वार्टर्स एकाला एक लागून होती, मधे कमरेएवढी भिंत. सत्तरचं दशक संपत आलेलं. मॅडम तेव्हा चाळिशीच्या असतील. आर्वीकडच्या शेतकरी घरातल्या, मुंबईला शिकून परत आलेल्या, लग्न न केलेल्या. मुंबईची भाषा त्यांच्याकडे होती. पाहुण्यांसमोर त्या ती बोलायच्या. पण घाबरल्या की वऱ्हाडीवर यायच्या. त्यामुळे आम्ही त्यांच्या तोंडून बहुतेक वेळ वऱ्हाडीच ऐकली.

प्रयोगशाळेत पांढरे उंदीर होते. त्यांचं मॅडम काय करतात, याबद्दल वसाहतीत नाना तर्क चालायचे. एकदा माझ्या बायकोनं, सुमननं, भिंतीवरून विचारूनच टाकलं. मॅडम शेंगा फोडत बसल्या होत्या.

“हे पाहा सुमनताई,” त्या म्हणाल्या, “आपल्या रक्तात काही पेशी गस्त घालत फिरतात. जंतू दिसला का त्या एक प्रथिन सोडतात. समजा, दवंडी देतात. आता इथं,” त्यांनी आपल्या छातीच्या हाडावर, गळ्याच्या जरा खाली, बोट ठेवलं, “इथं मागं थायमस म्हणून एक गाठ असते. लहान पोरात मोठी, मग वयानं सुकत जाते. तिच्यात कोवळ्या पेशी असतात, अजून काही न शिकलेल्या. ही दवंडी ऐकली का त्या जाग्या होतात, वाढतात. लढाईले माणसं तयार होतात ना, तसं.”

“आणि उंदीर?”

“कोवळ्या पेशी मी उंदराच्या घेतो. माणसाच्या रक्तातल्या पेशी काचेत वाढवतो, त्यांचं पाणी उंदराच्या पेशींवर टाकतो. वाढल्या तर दवंडी झाली. नाही वाढल्या तर नाही झाली.”

सुमननं थोडा विचार केला. “आणि ती दवंडी झालीच नाही तर माणसाचं काय होतं?”

मॅडमच्या हातातली शेंग तशीच राहिली. “तेच भेव आहे ना,” त्या म्हणाल्या.

एका उन्हाळ्यात हे सगळं काम बंद पडलं. कुणाच्याही रक्ताचं पाणी टाका, उंदरांच्या पेशी ढिम्म. मॅडमनी औषधं बदलली, काचसामान पुन्हा पुन्हा उकळलं, मुंबईहून नवं द्रव्य मागवलं. काही नाही. शेवटी त्यांनी नुसत्या गाठी काढून बघितल्या. एरवी हरभऱ्याच्या डाळीएवढी असणारी ती गाठ तिळाएवढी झाली होती. उंदीर खात होते, पीत होते, आजारी दिसत नव्हते. उकाड्यानं असेल, असं सगळे म्हणाले. मॅडम म्हणाल्या, “नाई. हे उंदरं भेले आहेत. भेवानं आतलं आटते.”

कशाला भ्यालेत, ते कुणाला सांगता येईना. पिंजरे बंद, एकही उंदीर कमी झालेला नाही. तेव्हा या बाई, ज्या एकट्यानं तळघरातसुद्धा उतरत नसत, एका दुपारी उंदरांच्या खोलीत स्टुलावर जाऊन बसल्या. दार आतून लोटून घेतलं. उंदीर ज्याला भितात ते माणूस असताना येणार नाही, म्हणून हालायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. बाहेर लूचा गरम वारा चालला होता. मी माझं काम संपवून तिकडून जात होतो, तेव्हा आतून अगदी बारीक आवाज आला, “कोनी आहे का जी? हळू या.”

दार ढकललं. सगळे उंदीर प्रत्येक पिंजऱ्याच्या एकाच कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसले होते. मॅडम स्टुलावर ताठ. त्यांच्या डोक्यावर हातभर अंतरावर, कौलांखालच्या वाशावरून, मनगटाएवढी जाड धामण सावकाश पुढे सरकत होती. जाळीमुळे तिला पिंजऱ्यात शिरता येत नव्हतं, पण रोज ती येत असणार आणि वरून बघत राहात असणार. मी मॅडमना दंडाला धरून बाहेर आणलं. माणसं काठ्या घेऊन आली. मॅडमना विचारलं, मारायची का? त्यांना मारा म्हणायचंही भेव वाटलं आणि सोडा म्हणायचंही. धामण कौलांतून शेतात निघून गेली. मग छताला जाळी लागली, आणि पाऊस सुरू झाल्यावर उंदरांच्या गाठी पुन्हा भरल्या.

यावर आम्ही महिनाभर हसलो. भित्र्या बाईला भित्रे उंदीर कळले, म्हणालो.

त्यानंतरच्या दिवाळीनंतर कांता आली.

आष्टीजवळच्या एका खेड्यातली. आधी आर्वीला आणि मग वर्ध्याला अशा दोन एसट्या बदलून, पदराखाली चार-पाच महिन्यांचं पोर घेऊन. सोबत नवरा, देविदास. पोराच्या तोंडात पांढरा थर, बरगड्या आत ओढत श्वास. याआधीचे दोन मुलगे याच वयात, असेच गेले होते. मुलांच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला माझ्याकडे पाठवलं. यंत्र बघून कांता दारातच थांबली. “यानं काही ओढून घेतलं जात नाई ना जी त्याच्यातून?” तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. तिनं पोराचे दोन्ही हात वर धरले आणि डोळे मिटले.

अंधारखोलीत फिल्म धुतली. उजव्या फुप्फुसात न्यूमोनियाचा डाग होता, तो अपेक्षितच होता. पण एवढ्या लहान मुलाच्या फोटोत हृदयाच्या वर दोन्ही अंगांना एक रुंद, मऊ सावली पडते, पळसाच्या पानाच्या कडेसारखी लहरदार. ती थायमसची. इथे ती नव्हती. तिथे नुसता काळोख होता. फिल्म उलटी धरली, सरळ धरली. नव्हतीच.

मुलांच्या डॉक्टरांनी ओली फिल्म उजेडात धरली. मग भोयर मॅडमना बोलावलं. मॅडमनी बघितलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

“ग्रंथीच नाही,” डॉक्टर म्हणाले. “जन्मतःच नाही. म्हणून आधीचे दोन गेले. हा न्यूमोनिया बरा केला तरी पुढचा येईल. आईबापांना सांगून टाकलेलं बरं.”

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. “आजारानंही ती आटते. उपासमारीनं, तापानं. उंदरं भेले होते तवा...”

“मॅडम, हे उंदीर नाहीत.”

“नाईत,” मॅडम म्हणाल्या. “म्हनूनच मले भेव लागून राह्यलं.”

त्या दिवशी त्यांनी पोराच्या टाचेतून थोडं रक्त घेतलं. सुई लागली तेव्हा पोर रडलंसुद्धा नाही, नुसतं तोंड वाकडं केलं, आणि ते बघून कांताच रडायला लागली. रक्तातल्या पेशी काचेत ठेवल्या गेल्या. वीज जायची, म्हणून पेटीभोवती गरम पाण्याच्या बाटल्या लावून मॅडम तिथंच बसून राहिल्या. काही दिवसांनी त्या माझ्या खोलीत आल्या. “उंदराच्या पेशी वाढल्या,” म्हणाल्या. “चांगल्या वाढल्या. पोट्टं दवंडी तं जोरात देऊन राह्यलं.”

“मग बरंच झालं की.”

“अर्धंच. दवंडी देनारे आहेत. आयकनारं कोनी आहे का नाई, ते मले या काचेत दिसत नाई.”

वॉर्डात चाळीस खाटा आणि चाळीस खोकले. अशा पोराला तिथं ठेवणं म्हणजे मारणं. आणि ज्यांना घरी पाहुणा नको असायचा, रात्रीची सोबत नको असायची, त्या मॅडमनी मायलेकरांना आपल्या घरातल्या मागच्या खोलीत आणून ठेवलं. डॉक्टर रोज येऊन इंजेक्शन देत. बाकी कुणाला आत येऊ द्यायचं नाही. सुमन डबा ओट्यावर ठेवून दार वाजवायची आणि बाजूला व्हायची. मॅडम दिवसभर पाणी उकळत. हात धुऊन धुऊन त्यांच्या बोटांची सालं निघाली. देवी आणि क्षयाच्या लशींची बाई फिरत फिरत आली, तेव्हा तिला मॅडमनी फाटकावरूनच परत पाठवलं. “जित्ता जंतू आहे त्याच्यात,” त्या मला म्हणाल्या. “याच्याजवळ लढाले माणूस नसंन तं लसच त्याले खाऊन टाकंन. आन् नाई टोचली तं क्षयाचं भेव. कोन्या भेवाले भ्यावं सांगा.”

भिंतीपलीकडून आम्हाला दोघींचं बोलणं ऐकू यायचं. कांता आधी मॅडमनाच भ्यायची. त्या जवळ आल्या की पोर छातीशी धरायची. एकदा मॅडमनी विचारलं, याचं नाव काय ठेवलं?

“उकंडा,” कांता म्हणाली.

“हे काऊन?”

“दोन गेले ना बाई. म्हनून पाचवीले याले उकंड्यावर ठेवलं, शेनाच्या ढिगावर. मंग शेजारनीनं उचललं आन् मी तिच्यापासून पसाभर ज्वारीले इकत घेतलं. देवाले वाटलं पायजे, हे कोनाले नको आहे.”

भिंतीअलीकडे सुमननं आणि मी एकमेकांकडे बघितलं. जंतूच्या नावानं चळाचळा कापणारी ही बाई आता कांताला फैलावर घेणार, असं आम्हाला वाटलं.

“शेनाच्या ढिगावर,” मॅडम पुटपुटल्या. मग म्हणाल्या, “मी बी तेच करून राह्यली माय. लपवूनच ठेवून राह्यली.”

त्यानंतर कांता त्यांना भ्यायची थांबली. आता दोघी मिळून भ्यायच्या. पोर जास्त वेळ झोपलं की दोघी खाटेशी. जास्त रडलं की दोघी खाटेशी.

संक्रांतीच्या आधी देविदास आला, त्याच्या आईला घेऊन. पोराचं तोंड साफ झालं होतं, खोकला कमी झाला होता. म्हातारीनं महादेवाला नवस बोलला होता, जत्रेत नेऊन पोर पायावर घालायचं. शिवाय गावात कुणीतरी म्हणालं होतं की ती बाई लेकरांचं रक्त काढून उंदरांना पाजते. देविदास फाटक उघडून सरळ दाराशी आला. मी भिंतीअलीकडे आमच्या ओट्यावर होतो. मॅडम दारात उभ्या राहिल्या. पाठीमागे एका हातानं त्यांनी चौकट घट्ट धरली होती, ते मला दिसत होतं, देविदासला नाही.

“बाई, आमचं पोट्टं आमाले द्या.”

“नाई देत.”

“काऊन? बरं झालं ना ते?”

“मले माईत नाई.”

देविदास चमकला. डॉक्टरच्या तोंडून हे वाक्य त्यानं कधी ऐकलं नसावं.

“हे पाहा देविदासभाऊ,” मॅडम म्हणाल्या. “त्याच्या छातीत एक गाठ असाले पायजे. ते फोटोत दिसत नाई. ते जन्मापासून नसंन, तं जत्रेतल्या एका खोकल्यानं हे पोट्टं मरते. मी काई करू शकत नाई, कोनी काई करू शकत नाई. पन ते आजारानं आटली असंन, तं परत भरते. त्याले वेळ पायजे. यातलं कोनतं खरं, मले माईत नाई. डॉक्टरसायेब म्हंतात नाईच. मी म्हंतो थांबा. मी चुकली असंन तं तुमचं पोट्टं तुमच्यापासून दूर ठेवून, माह्या घरात मरंन. मले याचं लय भेव लागून राह्यलं भाऊ. झोप येत नाई मले.”

म्हातारी काही बोलणार होती, देविदासनं तिला हातानं थांबवलं. तो तिथंच पायरीवर बसला. “आमाले वाटे डॉक्टर लोकायले भेव नाई लागत,” तो म्हणाला.

“लागते.”

आतून कांता आली. ती मॅडमच्या मागेच उभी राहिली, बाहेर आली नाही. “तुमी जा जी,” ती नवऱ्याला म्हणाली. “मी येत नाई. दोन येळा मी कोनाचं आयकलं, आता नाई आयकत. महादेवाले सांगा, मंग येतो.”

म्हातारीनं पदरातली नवसाची पुडी पायरीवर ठेवली आणि ते दोघे दुपारच्या एसटीनं परत गेले.

होळी जवळ आली तेव्हा दुसरा फोटो काढायचा ठरला. मॅडमनी तो तीनदा पुढे ढकलला. एकदा वारं होतं म्हणून, एकदा दवाखान्यात गोवराची मुलं आली होती म्हणून, एकदा काहीच कारण नव्हतं. शेवटी सकाळी, दवाखाना उघडायच्या आत, मी यंत्र पुसून काढलं आणि कांतानं पोराचे हात वर धरले. यावेळी त्यानं जोरात लाथा झाडल्या. दोनदा फोटो हालला.

मॅडम माझ्याबरोबर अंधारखोलीत आल्या. लाल दिव्यात त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. फिल्म द्रावणात टाकली आणि त्यांनी पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“तुमीच पाहा,” म्हणाल्या. “नसंन तं लगेच सांगू नोका.”

बरगड्या उमटल्या. हृदय उमटलं. मी फिल्म उचलून दिव्यासमोर धरली, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. हृदयाच्या वर काहीतरी होतं. मला खात्री वाटेना. मी पुन्हा बुडवली, पुन्हा धरली. डावीकडे, बरगड्यांखालून लहरत गेलेली फिकट कड. लहान होती, पण होती.

“मॅडम.”

त्या वळल्या नाहीत. “आहे का?”

“आहे.”

“फिल्मवरचा डाग नसंन?”

“नाही. कड आहे. तुम्ही बघा.”

त्यांनी बघितलं. बोट फिल्मजवळ नेलं, लावलं नाही. मग त्या खाली बसल्या, अंधारखोलीच्या ओल्या फरशीवर. मी कांताला हाक मारायला गेलो तर त्या म्हणाल्या, “वाळू द्या. वाळल्यावर एकदा पाहू. मंग सांगू तिले.”

फिल्म वाळल्यावरही कड तशीच होती.

आधीचे दोन कशानं गेले, ते कधी कळलं नाही. विहिरीच्या पाण्यानं, डांग्या खोकल्यानं, कशानंही. उन्हाळा लागायच्या आत कांता घरी गेली. निघताना मॅडमनी तिला इतक्या सूचना दिल्या की देविदासनं एसटी दोनदा थांबवली. गाडी गेल्यावर त्या मला म्हणाल्या, “इथं होतं तवर निदान दिसत होतं जी. आता तं दिसनार बी नाई.”

मॅडमनी आपल्या कामाबद्दल कुठेही काही छापलं नाही. मुलांच्या डॉक्टरांनी कितीदा सांगितलं, लिहा. त्या म्हणायच्या, “अजून एकदा करून पाहू. चुकलं असंन तं?” पुढे बाहेरच्या देशात त्या प्रथिनाला इंटरल्यूकिन असं नाव मिळालं. अंगात ताप आणणारा जो घटक लोक वेगळा समजत होते, तोच हा, असंही निघालं. हे ज्यात छापलं होतं ते मासिक बोटीनं आमच्या वाचनालयात फार उशिरा पोचलं. मॅडम ते उभ्यानं वाचत होत्या. “हे मले दिसलं होतं,” म्हणाल्या. “पोट्ट्याले ताप जास्त असे तवा दवंडी बी जास्त.” राग नव्हता त्यांच्या आवाजात. मासिक जागेवर ठेवलं आणि उंदरांना पाणी घालायला गेल्या. काही वर्षांनी ती प्रयोगशाळाच बंद झाली. उंदीर कुणी नागपूरला नेले. मॅडम आर्वीला परतल्या आणि तिथल्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागल्या.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते ऐंशीचं दशक संपता संपता. एका नातेवाइकाच्या कामासाठी मी आष्टीला गेलो होतो. आठवडी बाजाराचा दिवस, थंडीचे दिवस, उन्हात माणसांची दाटी. बांगड्यांच्या पालाच्या आडोशाला एक बाई पाठमोरी उभी होती. केस पांढरे, हातात रिकामी पिशवी. मी ओळखून हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी वळून मला पालाच्या आत ओढलं.

“दिसाल तुमी. इथं उभे राहा.”

समोर, वांग्याच्या ढिगामागे कांता बसली होती. अंगानं भरली होती, गिऱ्हाइकाशी हसून वाद घालत होती. तिच्या बाजूला नऊ-दहा वर्षांचा काळासावळा पोरगा होता. शेजारच्या बोरवालीच्या टोपलीतून बोरं मातीत सांडत होती. पोरगा ती वेचत होता, चड्डीला पुसत होता आणि तोंडात टाकत होता.

मॅडमनी माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. “धुतलं नाई,” त्या कुजबुजल्या. “पाह्यलं? मातीतलं आहे ते.”

“चला ना, भेटू. किती आनंद होईल तिला.”

“नाई, नाई.” त्या आणखी मागे सरकल्या. “मी कधीमधी येतो. असंच उभं राहून पाहून जातो. माह्यं तोंड दिसलं का तिले ते सगळे दिवस आठवतीन. पाहा ना तिच्याकडं. ते आता त्याच्याकडं पाहून बी नाई राह्यली.”

खरंच. पोरगं बोरं खात होतं आणि आई वांगी तोलत होती. एकदाही तिनं मान वळवली नाही.

“तिचं भेव गेलं आहे जी,” मॅडम म्हणाल्या. “ते गेलंच राहू द्या.”

आर्वीची एसटी लागली. गर्दीतून वाट काढत मी त्यांना दारापर्यंत सोडलं. त्यांना खिडकीची जागा मिळाली, पण पलीकडच्या बाजूची. गाडी निघाली. बाजाराच्या कडेनं वळताना मला दिसलं की त्या जागेवरून उठून उभ्या राहिल्या आहेत. वरचा दांडा धरून, माणसांच्या डोक्यांवरून वाकून, या बाजूच्या खिडकीतून बघत होत्या. कंडक्टर त्यांना काहीतरी म्हणाला. त्या बसल्या नाहीत. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत त्या तशाच वाकून उभ्या होत्या.